बियाण्याचं गाडगं

लग्न होऊन मी संगमनेर तालुक्यात सासरी आले, तेव्हा आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गाडग्यांची उतरंड होती. सासूबाई तिला कुणाला हात लावू देत नसत. मला वाटायचं, त्यात काहीतरी ठेवणीतलं असणार. होतंही तसंच. वाल, घेवडा, भोपळा, काकडी यांचं बी तिथे जपून ठेवलेलं असे.

पुढे बागायत वाढली, पाकिटातलं बी आलं. एक दिवस मीच म्हणाले, "आत्याबाई, दुकानात सगळं मिळतं. ही अडगळ कशाला?" त्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या माघारी ती उतरंड मोडली.

मग एका पावसाळ्यात विकत आणलेलं बियाणं उगवलंच नाही. पाऊस बरा होता, वाफसाही होता. आम्ही पंधरा दिवस वाट पाहिली. दुबार पेरणीसाठी माझ्या कानातली फुलं सोनाराकडे गेली. त्या दिवशी मला कोपऱ्यातली मोकळी जागा दिसली.

सातबाऱ्यावर नाव बहुधा पुरुषाचं असतं. पण बी ठेवायचं कोणतं, पेरायचं कोणतं, शेजारणीला द्यायचं किती, हे घरची बाई ठरवत असे. पाकीट आलं आणि तो अधिकार तिच्या हातातून गेला.

पाकिटातलं बी वाईट असतं असं मी म्हणणार नाही. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचं वाण आलं, त्यानंतर धान्याचा उतारा वाढला. अडचण वेगळीच आहे. संकरित बी दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून तयार होतं. पहिल्या वर्षी पीक एकसारखं येतं. त्यातलंच बी ठेवून पुन्हा पेरलं तर एक ताट उंच, एक ठेंगणं, असा खेळ होतो. म्हणून दरवर्षी दुकान गाठावं लागतं. गावरान वाणाचं तसं नाही. निवडून ठेवलं तर ते पिढ्यान्‌पिढ्या चालतं.

त्याच १९६४ साली आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांचा जन्म झाला. कोंभाळणे हे त्यांचं गाव. त्या महादेव कोळी समाजातल्या. शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत. फवारणीच्या भाज्यांनी नातू आजारी पडतो असं त्यांच्या मनानं घेतलं आणि त्या जुनं बी गोळा करू लागल्या. बाएफ संस्थेची साथ मिळाली, घरातच बियाणे बँक उभी राहिली. बायांचे बचत गट जोडले गेले, कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती झाली. २०१८ मध्ये बीबीसीनं जगातल्या शंभर स्त्रियांत त्यांचं नाव घेतलं, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. घर, शेत, पोरंबाळं सांभाळूनच त्यांनी हे केलं, म्हणून मला त्यांचं मोठेपण आपल्यातलं वाटतं.

बी ठेवायची रीत अवघड नाही. मधल्या भागातला निरोगी, भरपूर लागलेला वेल हेरावा आणि त्याला चिंधी बांधावी, म्हणजे घाईत कुणी शेंगा तोडत नाही. शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात. किडका, चपटा दाणा काढून टाकावा. बी चांगलं वाळलं की चाळलेली राख चोळून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून गाडग्यात भरावं. वर फडकं बांधून तोंड शेणमातीनं लिंपावं. ओल शिरली की बी गेलंच समजा. वाल-घेवड्याचं परागीकरण बहुतेक त्याच फुलात होतं. भोपळा-काकडीचं मात्र मधमाशी करते, म्हणून शेजारी दुसरी जात असेल तर बी भेसळतं. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. किती मोडले ते मोजलं की पुढची फसगत टळते.

आणखी एक गोष्ट बायांना माहीत हवी. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानं आपल्या शेतातलं बी ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क शेतकऱ्याला दिला आहे. अट एवढीच, की संरक्षित वाणाचं बी छापील नावाच्या पाकिटात भरून विकता येत नाही.

आमच्याकडे नगदी पिकाला आजही विकतचंच बी येतं, ते मी लपवत नाही. पण परसातल्या भाजीसाठी मी माहेरहून मूठभर वाल आणला. पहिल्या वर्षी सात वेल आले. दुसऱ्या वर्षी चार घरी बी दिलं. परवा सूनबाईनं स्वतः एका वेलाला चिंधी बांधली. मी काही बोलले नाही. तिच्यासाठी बाजारातून एक नवं गाडगं तेवढं आणून ठेवलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)