ताऱ्याजवळचा धुरळा (लेखांक ७)

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात टेम्पोतून जनावरं उतरू लागली की धुरळा उठतो. बाजार उठला की थोड्या वेळात हवा निवळते. खाली उरते ती धूळ. धुरळा म्हणायचं तर ती कुणीतरी उधळत असावं लागतं. आपल्या भाषेतला हा भेद आजच्या विषयाला नेमका लागू पडतो.

गेल्या आठवड्यात आपण अभिजित ताऱ्याभोवतीच्या दूरच्या, थंड धुळीपाशी थांबलो होतो. आजची धूळ ताऱ्याला अगदी लगटून आहे, आपल्याकडे बुध आणि पृथ्वी फिरतात तेवढ्या अंतरावर. इथे धूळ टिकत नाही. फार बारीक कण ताऱ्याच्या प्रकाशाच्या दाबानेच बाहेर फेकले जातात. जरा मोठे कण तोच प्रकाश झेलता झेलता वेग गमावतात आणि हजारो वर्षांत घिरट्या घालत ताऱ्याकडे ओढले जातात. ताऱ्यांचं वय मात्र कोटींत मोजायचं. म्हणून इतक्या जवळ धूळ सापडली, तर ती जुनी शिल्लक नव्हे. तिथे नुकतंच काहीतरी फुटलंय, किंवा अजून फुटतंय.

ती ओळखायची कशी? चुलीवरून उतरवलेला तवा लाल दिसत नाही, पण हात जवळ नेला की धग लागते. ताऱ्याजवळ तापलेल्या धुळीची ही धग म्हणजे अवरक्त किरण. मेष राशीच्या दिशेला, तीनशेहून अधिक प्रकाशवर्षांवर, बीडी +२० ३०७ ही सूर्यासारख्या ताऱ्यांची जोडी आहे. वय निदान शंभर कोटी वर्षं. तरीही तिच्याभोवतीची धूळ आपल्या सूर्याजवळच्या धुळीच्या सुमारे दहा लाख पट भरते! ग्रहांएवढे गोल एकमेकांवर आदळले असावेत, असा अंदाज आहे.

मला जास्त ओढ लावतो तो नरतुरंग तारकासमूहातला टीवायसी ८२४१ २६५२ १ हा तारा. सूर्यासारखाच, पण कोवळा, जेमतेम एक कोटी वर्षांचा. १९८३ साली आयरास उपग्रहाला त्याच्याजवळ भरपूर ऊबदार धूळ दिसली. २००८ मध्येही ती तशीच होती. २००९ मध्ये धग उतरू लागली आणि २०१० पर्यंत साधारण तिसाव्या हिश्शावर आली. ताऱ्याच्या आयुष्यात दोन वर्षं म्हणजे पापणी लवण्याइतकाही वेळ नाही. धूळ ताऱ्यात पडली की आपसात घासून इतकी बारीक झाली की उडून गेली, याचा निकाल लागलेला नाही.

आपल्या सूर्याजवळचा धुरळा विरळ आहे. धूमकेतू आणि लघुग्रह तो अजून उधळत असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये, अमावस्येच्या आसपास, सूर्यास्तानंतर दीडेक तासाने गावच्या दिव्यांकडे पाठ करून उसाच्या फडांपलीकडे पश्चिमेला पाहा. क्षितिजाशी रुंद आणि वर निमुळता होत गेलेला फिकट उजेड दिसेल. तोच राशिचक्रप्रकाश, त्या कणांवरून परतलेलं ऊन. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं द्या, आणि तेवढा वेळ मोबाइल खिशातच ठेवा.