बेळगाव शहराचे नाव आणि भाषिक इतिहास

बेळगाव हे कर्नाटकाच्या वायव्य भागातील, महाराष्ट्र आणि गोव्याच्या सीमेलगतचे शहर व जिल्ह्याचे मुख्यालय आहे. कन्नडमध्ये त्यास 'बेळगावी' म्हणतात. शहरात मराठी, कन्नड, उर्दू आणि कोकणी बोलली जाते. हे शहर कोणत्या राज्याचे, हा वाद १९५६ पासून चालू असून शहराचे नावही त्यात ओढले गेले आहे.

नावाची व्युत्पत्ती

'वेणुग्राम' किंवा 'वेळुग्राम', म्हणजे बांबूंचे गाव, यावरून हे नाव आले असे मानले जाते. वेळू हा शब्द मराठीत आजही बांबूसाठी वापरतात. आरंभीच्या 'व'चा 'ब' होणे ही मात्र कन्नडची प्रवृत्ती आहे (वन – बन). म्हणजे मराठी 'बेळगाव'चा पूर्वार्ध कन्नड उच्चाराने घडला, तर कन्नड 'बेळगावी'चा उत्तरार्ध संस्कृत 'ग्राम'पासून आला. एकाच भाषेचा हक्क सांगण्यास हे नाव फारसे सोयीचे नाही.

परिसरातील गावांचेही तसेच आहे. येळ्ळूरच्या नावातील 'ऊर' हा गाव या अर्थाचा कन्नड शब्द. परंतु मराठी भाषकांच्या चळवळीचे ते एक प्रमुख गाव. जुलै २०१४ मध्ये तेथील 'महाराष्ट्र राज्य' असे लिहिलेला फलक प्रशासनाने हटवला, तेव्हा लाठीमार झाला.

लोक

सौंदत्तीच्या रट्ट राजांनी तेराव्या शतकाच्या आरंभी येथे राजधानी आणली. किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर त्याच काळातील आहे. पुढे बहमनी, आदिलशाही, मराठे आणि १८१८ पासून इंग्रज अशा सत्ता आल्या. शेजारचे शहापूर, जे आज शहराचाच भाग आहे, ते स्वातंत्र्यापर्यंत सांगली संस्थानात होते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र येथे आहे. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषवलेले काँग्रेसचे एकमेव अधिवेशन १९२४ मध्ये येथेच भरले.

लोकांची नावे आणि भाषा यांची सांगड नेहमी बसत नाही. कुमार गंधर्व यांचा जन्म बेळगावजवळील सुळेभावी येथे कन्नड भाषक कोमकळी कुटुंबात झाला. मराठी रसिकांनी त्यांना आपलेच मानले. उलट, शेजारच्या धारवाडचे द. रा. बेंद्रे मराठी मातृभाषेचे असून कन्नडचे ज्ञानपीठविजेते कवी ठरले. पु. ल. देशपांडे यांनी 'रावसाहेब' या व्यक्तिचित्रात रंगवलेले बेळगावचे कृष्णराव हरिहर कन्नड वळणाचे मराठी बोलतात, आणि त्या लेखाची गोडी बरीचशी त्या बोलीत आहे. कवयित्री इंदिरा संत यांचेही दीर्घ वास्तव्य बेळगावात होते.

सीमावाद

१९४६ मध्ये बेळगाव येथे ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या मराठी साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतात होता. राज्यपुनर्रचनेत १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. त्याच वर्षी जानेवारीत झालेल्या गोळीबारातील मृतांच्या स्मरणार्थ मराठी भाषक १७ जानेवारीला हुतात्मा दिन पाळतात.

खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या या कसोट्यांवर महाराष्ट्राने ८१४ गावांवर हक्क सांगितला. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने पुढील वर्षी अहवाल दिला. निपाणी, खानापूर महाराष्ट्राला द्यावे, बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच ठेवावे, असे त्यात म्हटले होते. महाराष्ट्राने तो नाकारला. कर्नाटक आजही तोच अंतिम मानतो. १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलन झाले. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

यानंतर कर्नाटकाने शहरावरील आपला दावा इमारतींतून आणि नावातून दृढ केला. २००६ मध्ये विधिमंडळाचे अधिवेशन प्रथमच येथे भरले आणि २०१२ मध्ये सुवर्ण विधान सौधाचे उद्घाटन झाले. १ नोव्हेंबर २०१४ रोजी, बंगळूरसह बारा शहरांच्या नामांतरात, इंग्रजीतील 'बेलगाम' जाऊन 'बेळगावी' हे अधिकृत नाव झाले. इतर बहुतेक शहरांत हा बदल वसाहतकालीन स्पेलिंग सुधारण्यापुरता होता. येथे मात्र तो पराभवाची नोंद म्हणून वाचला गेला. मराठी वृत्तपत्रे आणि महाराष्ट्र शासन 'बेळगाव' हेच रूप वापरतात. १ नोव्हेंबरला शहरात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक निघते, तर दुसरीकडे महाराष्ट्र एकीकरण समिती काळा दिन पाळते.