कीथ हेरिंग : सोप्या रेषेचे सामर्थ्य

'हे काय, लहान मूलही काढील!' एखादे साधे चित्र पाहून आपण सहज असे बोलून जातो. अमेरिकेतील पॉप चित्रकार कीथ हेरिंग यांची चित्रे प्रथमदर्शनी अशीच वाटतात. जाड काळी रेषा, सपाट भडक रंग, नाचणारी माणसे, भुंकणारे कुत्रे आणि किरणांनी वेढलेले रांगणारे बाळ, एवढेच त्यांचे भांडवल. १९९० मध्ये अवघ्या ३१ व्या वर्षी हा चित्रकार गेला, तरी त्याच्या आकृती आजही जगभरच्या भिंतींवर, पुस्तकांवर आणि कपड्यांवर वावरत आहेत. या टिकाऊ आकर्षणाचे कारण काय असावे, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

हेरिंग यांचा जन्म १९५८ चा, पेनसिल्व्हेनिया राज्यातला. लहानपणी वडील त्यांच्याबरोबर बसून व्यंगचित्रे काढत. हीच त्यांची पहिली चित्रशाळा. १९७८ मध्ये कलाशिक्षणासाठी ते न्यूयॉर्कला आले. तेथील भुयारी रेल्वेच्या स्थानकांत जाहिरातींच्या चौकटी असत. एखाद्या जाहिरातीची मुदत संपली, की चौकटीवर काळा कागद चिकटवला जाई. त्या रिकाम्या काळ्या कागदात हेरिंग यांना फळा दिसला. १९८० पासून सुमारे पाच वर्षे त्यांनी पांढऱ्या खडूने तेथे हजारो चित्रे काढली.

त्यांच्या शैलीचे मर्म या जागेतच आहे, असे आम्हांला वाटते. हे काम विनापरवाना होते. पोलीस येण्यापूर्वी चित्र पुरे करावे लागे, आणि अनेकदा त्यांना अटकही झाली. त्यामुळे रेषा पुसून पुन्हा काढण्यास वाव नव्हता. ती पहिल्याच फटक्यात नेमकी यावी लागे. पाहणारेही घाईत असत. गाडी येईपर्यंतच्या क्षणभरात ज्याला चित्र कळावे, तो कोणत्याही भाषेचा, कोणत्याही वर्गाचा माणूस असे. म्हणून हेरिंग यांनी आकृतींना नाकडोळे दिले नाहीत. चेहरा नसलेल्या त्या माणसात कोणीही स्वतःला पाहू शकतो. अंगाभोवतीच्या आखूड रेघांनी त्यांना हालचाल दिली. अशा रीतीने, अनावश्यक ते सारे गाळल्यावर उरलेला हा सोपेपणा होता.

अशा सोप्या रेषेला गंभीर विषय पेलतात का? १९८६ मध्ये 'क्रॅक' या मादक पदार्थाविरुद्ध त्यांनी न्यूयॉर्कमधील एका खेळाच्या मैदानाची भिंत रंगवली. परवानगी नसल्याने त्यांना दंड झाला, पण पुढे ते चित्र शहराने जपले. १९८९ मधील त्यांच्या एड्सविषयक भित्तिपत्रकात तीन आकृती आहेत. एकीने डोळे झाकले आहेत, दुसरीने कान, तिसरीने तोंड. आपल्याला परिचित असलेल्या तीन माकडांचीच ही मुद्रा. परंतु वाईट पाहू नये, ऐकू नये, बोलू नये हा त्यातील उपदेश येथे उलटला आहे. समोर माणसे मरत असता न पाहणे, न ऐकणे आणि न बोलणे हाच अपराध, असे ते चित्र सांगते. १९८८ मध्ये हेरिंग यांना स्वतःलाच एड्सचे निदान झाले होते.

त्यांनी १९८६ मध्ये 'पॉप शॉप' नावाचे दुकान काढले आणि आपली चित्रे छापलेल्या स्वस्त वस्तू विकल्या. कलेचा बाजार मांडला, अशी टीका झाली. परंतु ज्यांना मूळ चित्र विकत घेणे कधीच शक्य नव्हते, त्यांच्या घरी ते अशाच वाटेने पोहोचले.

आजार कळल्यानंतर, १९८९ च्या मे महिन्यात, शिकागो येथे सार्वजनिक शाळांतील सुमारे ५०० विद्यार्थ्यांसह त्यांनी एक लांबलचक भित्तिचित्र केले. काळ्या बाह्यरेषा त्यांनी काढल्या आणि आतले रंग मुलांनी भरले. पुढच्याच फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले.

तेव्हा आपल्या घरातील मुलाने कागदावर चार रेघांचा माणूस काढून दाखवला, तर पालकांनी लगेच त्याचे नाक-डोळे शोधू नयेत, एवढीच आमची विनंती आहे. तो माणूस काय करतो आहे, हे आधी मुलाला विचारावे, आणि त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.