वस्तऱ्याची पारदर्शक मूठ

वस्तऱ्याला हाताने घडवलेली, काचेसारखी आरपार मूठ हवी असेल, तर सुमारे ३ मिलिमीटर जाडीचे कास्ट ॲक्रिलिक घ्या. एक्सट्रूडेड ॲक्रिलिक स्वस्त पडते, पण ड्रिलच्या उष्णतेने मऊ होऊन चिकटते आणि रिव्हेटच्या भोकापाशी तडकते. कास्टलाही घाई सोसत नाही: भोक सावकाश पाडावे, रिव्हेट हलक्या हाताने ठोकावी. पॉलिकार्बोनेट चिवट खरे, मात्र त्यावर ओरखडे लवकर उठतात आणि पुन्हा चकाकी आणणे जिकिरीचे. जुन्या मुठींतले सेल्युलॉइड फार देखणे. परंतु ते कुजू लागले की त्यातून आम्लधर्मी वायू सुटतात आणि पाते गंजते. चांगल्या पोलादाजवळ ते नकोच. ॲक्रिलिकची मूठ स्पिरिटने कधीही पुसू नका, बारीक तडे जातात. साबणाचे कोमट पाणी पुरे.