शाळेच्या सावलीत नेच्यांचा वाफा

शाळेची बाग आषाढात बहरते आणि वैशाखात उजाड होते. सुटीत पाणी घालण्यास कोणी नसते, हे त्याचे साधे कारण होय. सह्याद्रीच्या परिसरातील शाळांनी अशा वेळी नेच्यांचा विचार करावा. उत्तरेकडील भिंतीलगतची, फुलझाडे जेथे तग धरीत नाहीत अशी सावलीची जागाच त्यांस मानवते.

आरंभास हंसराज उत्तम. त्याचे देठ काळसर व चकचकीत, पर्णिका अर्धचंद्राकृती. पाऊस सरून जमीन सुकली की त्याची पाने वाळतात. परंतु जमिनीतील खोड जिवंत राहून पुढील पावसात पुन्हा पालवते. म्हणून झाड मेले असे समजून उन्हाळ्यात वाफा खणू नये. पानाचे लांबलेले टोक मातीस टेकले की तेथे मुळे फुटून नवे रोप होते, हेही मुलांस दाखवावे. शाळेजवळ जुना आंबा असल्यास त्याच्या बुंध्यावर बाशिंग वाढविता येईल. त्याची तळाची तपकिरी पाने वाळलेली दिसली तरी काढू नयेत. त्यांत साठणारा पालापाचोळा कुजून त्या झाडाचे खत होते.

वाफ्याच्या तळाशी विटांचे वा जांभ्याचे तुकडे घालून वर कुजलेला पाला, माती व थोडी वाळू यांचे मिश्रण पसरावे. खोड खोल पुरू नये.

रोपांसाठी रान ओरबाडणे सर्वथा अनुचित होय. राखीव वनातून तर परवानगीवाचून काहीच आणू नये. गावातील विहिरीच्या वा बांधाच्या दगडांतून खोडाचा लहानसा तुकडा घ्यावा, बाकीचे झाड तेथेच राहू द्यावे.

पानांच्या पाठीवरील वा कडेचे तपकिरी ठिपके पुष्कळ मुलांस कीड वाटते. वस्तुतः त्यांत बीजाणू असतात; नेच्यास फूल व बी येत नाही. पिकलेले पान रात्रभर कागदात गुंडाळून ठेवल्यास बारीक भुकटी पडते. विटेच्या तुकड्यावर उकळते पाणी ओतून तो निवू द्यावा, त्यावर भुकटी शिंपडावी, आणि थाळीत थोडे पाणी घालून त्यात वीट ठेवून वर काच झाकावी. थाळी उजेडात, पण उन्हाबाहेर असावी. काही आठवड्यांनी नखाहूनही लहान, हृदयाकृती हिरवे पापुद्रे दिसतात. त्यांच्यावरील नरपेशी पाण्याच्या थरातून पोहत स्त्रीपेशीपर्यंत जातात व मगच खरे रोप उगवते. ओलावा का हवा, हे येथे आपोआप कळते. या सर्वांस काही महिने लागतात, तेव्हा मध्येच सुटी आल्यास थाळी शिक्षकांनी आपल्या घरी न्यावी.