वास्तू आणि वर्षासन

होळकरशाहीच्या दोन तिजोऱ्या होत्या. एक दौलतीची, दुसरी खासगीची. १७३४ साली थोरल्या बाजीरावांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे स्वतंत्र जहागीर करून दिली, ती ही खासगी. पुढे ती सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली. काशी, गया, सोमनाथ, रामेश्वर इथवर त्यांनी जे घाट, देवळं, धर्मशाळा उभ्या केल्या, त्यामागे या कौटुंबिक उत्पन्नाचा मोठा आधार होता.

घाट बांधून त्या थांबल्या नाहीत, ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. अन्नछत्राला धान्य कुठून येईल, पुजाऱ्याला काय मिळेल, देवाला दरसाल गंगेची कावड कोण नेईल, याची नेमणूक करून दिलेली असे. वास्तूबरोबर वर्षासन. होळकरांच्या इंदूरमधल्या, कर्करोगासाठीच्या दानधर्माविषयी लिहायचं, तर सुरुवात इथूनच करायला हवी. या आजाराला वास्तूपेक्षा वर्षासनाची गरज कितीतरी अधिक आहे.

इंदूरला वैद्यकीय दानाची परंपरा आहेच. इथली वैद्यकीय शाळा १८७८ सालची. तिच्या परंपरेत १९४८ साली महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. त्याच्या मोठ्या रुग्णालयाला महाराजा यशवंतराव होळकरांचं नाव आहे, पण गावाच्या तोंडी ते नुसतं ‘एमवाय’. याच यशवंतरावांनी जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून माणिकबाग महाल बांधून घेतला. त्या माणिकबागेच्या रस्त्यावर १९७९ साली चोइथराम रुग्णालय सुरू झालं. त्यामागे होतं ठाकुरदास चोइथराम पागारानी यांचं सिंधी व्यापारी कुटुंब. त्यांच्या व्यवसायाची सुरुवात पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये झाली होती. दूरदेशी कमावलेला पैसा माळव्यातल्या रुग्णालयात आला, आणि आज तिथं कर्करोगाचेही उपचार होतात.

तरीही कर्करोगाचं नाव निघालं की इंदूरकर अवंतिका एक्स्प्रेसचं तिकीट पाहतो. रात्रभराचा प्रवास, सकाळी मुंबई आणि तिथून परळचं टाटा. हे टाटा रुग्णालय मुळात एका घरातल्या दुःखातून उभं राहिलं आहे.

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. उपचारांसाठी त्यांना युरोपात नेलं होतं, तिथंच वेल्समध्ये त्यांचा अंत झाला. जगातले उत्तम डॉक्टर परवडणाऱ्या कुटुंबाची ही स्थिती, तर गिरणीतल्या कामगाराचं काय? दोराबजींनी १९३२ साली आपली सारी मालमत्ता विश्वस्त निधीत घातली. त्यात मेहेरबाईंचा सुमारे २४५ कॅरटचा ‘ज्युबिली’ हिराही होता, तो पुढे विकला गेला. मेहेरबाईंच्या स्मृत्यर्थ रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनासाठी वेगळा निधी निघाला. त्याच वर्षी जर्मनीत दोराबजीही गेले. त्यांना मूल नव्हतं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला रुग्णालय उघडलं, ते पाहायला दोघांपैकी कुणीही नव्हतं.

रुग्णालयाबरोबर प्रयोगशाळाही उभी राहिली, हे या दानाचं मोठं शहाणपण. तिथल्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी तोंडाच्या कर्करोगाच्या हजार रुग्णांचा अभ्यास १९४४ साली प्रसिद्ध केला. तंबाखू चघळणाऱ्या देशाचा कर्करोग युरोपातल्या पुस्तकांत सापडणार नाही, तो इथंच मोजावा लागेल, हे त्यांनी ओळखलं होतं. पाऊच आणि पुडीचा सुळसुळाट झालेल्या माळव्यात तो अभ्यास आजही लागू पडतो. मध्य प्रदेशानं २०१२ साली गुटख्यावर बंदी आणली, पण तंबाखू काही गेली नाही.

आणखी एक गोष्ट टाटांनी केली. १९५७ साली रुग्णालय केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेलं, १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे. नाव कुटुंबाचं राहिलं, वार्षिक खर्चाचा भार सरकारनं उचलला. दिलेल्या वस्तूवरची मालकी सोडणं हे देण्याइतकंच अवघड असतं. पण ती सोडली म्हणूनच हे रुग्णालय इतक्या लोकांना पुरलं, असं माझं मत आहे.

वर्षासनाचा मुद्दा नुसता भावनेचा नाही, तो भौतिकशास्त्रातही आहे. देशातल्या अनेक रुग्णालयांत किरणोपचार कोबाल्ट यंत्रावर झाले आणि अजूनही होतात. या यंत्रातल्या कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं असतं. म्हणजे आज बसवलेला स्रोत दरमहा साधारण एक टक्क्यानं क्षीण होतो. सव्वापाच वर्षांनी तेवढीच मात्रा द्यायला दुप्पट वेळ लागतो. रोज साठ रुग्ण होत असतील, तर रांग वाढते किंवा रुग्ण कमी होतात. नवा स्रोत आणायचा तर पुन्हा पैसा हवा. लिनिअर ॲक्सलरेटर या दुसऱ्या किरणोपचार यंत्रात असा स्रोत नसतो, पण त्याला जाड काँक्रीटचा बंकर, अखंड वीज, दरवर्षीचा देखभालीचा करार आणि वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ लागतो. यंत्राचं उद्‌घाटन करणारे पुष्कळ भेटतात. पाचव्या वर्षीच्या करारासाठी चेक फाडणारा दाता मात्र विरळा.

रुग्णाच्या बाजूनंही तेच. तोंडाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे किरणोपचार आठवड्यातले पाच दिवस, असे पाच ते सात आठवडे चालतात. प्रत्यक्ष यंत्राखाली दहा-पंधरा मिनिटं. झाबुआ, अलिराजपूर, बडवानीहून आलेल्या माणसानं त्या दहा मिनिटांसाठी दीड महिना इंदुरात राहायचं कुठं? २०१८ पासूनच्या आयुष्मान योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि ती फार मोठी सोय आहे. पण दीड महिन्याच्या खोलीचं भाडं आणि सोबत आलेल्या मुलाची बुडालेली मजुरी त्यात येत नाही. मग रुग्ण पंधरा दिवसांनी पेरणीला म्हणून गावी जातो. डोक्या-मानेच्या कर्करोगात उपचार लांबला, तर लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे गाठ आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्यानं घटते. आठवड्याची गैरहजेरी किती महागात पडते, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

म्हणून धर्मशाळेतली खोली हा उपचाराचाच भाग आहे. मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेनं टाटातल्या किती रुग्णांचे उपचार पुरे करून दिले! तिथं मिळतं ते डोक्यावरचं छप्पर, जेवण आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा धीर. ज्या शहराला अहिल्याबाईंची ओळख धर्मशाळांमुळे आहे, त्या शहरातल्या सधन घरांना हे दान परकं वाटू नये.

घरातल्या दुःखातून आलेल्या दानाचं दुसरं उदाहरण बार्शीचं. १९८१ साली नर्गिस कर्करोगानं गेल्या. सुनील दत्त यांनी पत्नीच्या नावे निधी उभा केला, आणि सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या रुग्णालयाला नर्गिस दत्त यांचं नाव लागलं. डॉ. बी. एम. नेने यांनी तिथं काम उभं केलं. १९८७ पासून तिथं ग्रामीण कर्करोगाची नोंदणी चालते, देशातली ती पहिली. पुढे टाटा रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर बार्शीकरांनी उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. त्याला गेट्स कुटुंबाच्या निधीचं बळ होतं. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीनं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. तुलनेसाठी तपासणीविना ठेवलेल्या स्त्रियांच्या गटाबद्दल नंतर नैतिक प्रश्न विचारले गेले, ते रास्तच होते. पण त्या अभ्यासातून जे कळलं, ते आता वापरलं नाही तर त्या बायकांवर दुसऱ्यांदा अन्याय होईल.

इंदूरच्या एखाद्या कुटुंबानं आई-वडिलांच्या स्मरणार्थ काही द्यायचं ठरवलं, तर मी त्यांना यंत्र सुचवणार नाही. दहा वर्षांचा पगार द्या म्हणेन: एका भौतिकतज्ज्ञाचा, धर्मशाळेच्या एका व्यवस्थापकाचा आणि पाड्यापाड्यांतून फिरून बायकांची तपासणी करणाऱ्या दोन परिचारिकांचा. ठेवीच्या व्याजातून तो निघेल असा दस्तऐवज करा. आणि त्याचा हिशेब दरसाल दिवाळीत रुग्णालयाच्या फळ्यावर लावा: किती रुग्णांनी उपचार सुरू केले आणि त्यांतल्या किती जणांनी ते पुरे केले.