विश्लेषण : पाणबुड्याच्या मनगटावरचे ‘खुले’ गणित

खोल पाण्यातून वर कधी यायचे, वाटेत कुठे किती मिनिटे थांबायचे, हे पाणबुड्याला मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर सांगतो. हे गणित तपासता, बदलता येते का?

थांबावे का लागते?
दर 10 मीटर खोलीमागे दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. श्वासातील नायट्रोजन, हेलियम रक्तात आणि ऊतींत विरघळतात. घाईने वर आल्यास त्यांचे बुडबुडे होतात. सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकते.

‘खुला’ म्हणजे काय?
जर्मनीतील हाइनरिक्स वाइकाम्प कंपनीच्या ‘ओएसटीसी’ कॉम्प्युटरांचा सोर्स कोड खुला आहे. त्यातील गणित स्विस डॉक्टर आल्बर्ट ब्यूलमान यांच्या प्रारूपावर आधारित आहे. शरीराचे 16 काल्पनिक विभाग मानून प्रत्येकात किती वायू साठला, हे मोजले जाते. ‘ग्रेडियंट फॅक्टर’ बदलून थांबे कमीजास्त करता येतात.

धोका कोणता?
हा आकडा वाढवला की लवकर वर येता येते, पण सुरक्षेसाठी राखलेले अंतर घटते. कोड कोणालाही तपासता येतो. आपले शरीर त्या दिवशी किती सोसेल, हे मात्र त्यात लिहिलेले नसते. त्यामुळे ही मोकळीक प्रशिक्षित, अनुभवी पाणबुड्यांसाठीच. तेही दुसरा कॉम्प्युटर किंवा लिहून घेतलेला तक्ता सोबत ठेवतात.